वाचकांचे प्रश्न : चिनी अक्षरं डोक्यात टिकतच नाहीत, काय करू?

मागच्या अंकात मी चिनी शिकण्याबद्दल ओझरतं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. व्याकरणाबद्दल कुणीच विचारलं नाही, टोनबद्दल, म्हणजे उच्चारातल्या ज्या चढउताराने चिनीत अर्थ बदलतो त्याबद्दल, एकदोघांनी, बाकी सगळ्यांचं दुखणं एकच, अक्षरं लक्षात राहत नाहीत. सुरुवातीलाच सांगते, खाली मी चिनी अक्षरं मुद्दाम छापलेली नाहीत, शब्दांत वर्णन केलंय. शेजारी वही ठेवा, वर्णन वाचून अक्षर आठवून लिहायचा प्रयत्न करा, नाहीच आलं तर मग कोश उघडा. असं का ते पहिल्याच उत्तरात कळेल. उच्चार कानाला जसे येतात तसे लिहिलेत, पिनयिनच्या, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीच्या, स्पेलिंगप्रमाणे नाहीत.

ताई, मी रोज दहा नवीन अक्षरं घेते आणि प्रत्येक अक्षर पन्नास वेळा लिहिते. रात्री झोपताना सगळी येतात, चौथ्या दिवशी निम्मी गेलेली असतात. चार महिने झाले, वह्या भरल्या, डोक्यात काही नाही. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?

नाही हो, अजिबात नाही. तुमची मेहनत चुकीच्या ठिकाणी जातेय एवढंच. पन्नास वेळा लिहिताना नेमकं काय होतं ते बघा, पहिल्या दोनतीन वेळा तुम्ही खरंच लक्ष देऊन लिहिता, त्यानंतर वरच्या ओळीतलं बघून हात आपोआप चालतो आणि मन भलतीकडे असतं. म्हणजे तुम्ही अक्षर आठवत नाही, उतरवून काढता. आणि परीक्षेत किंवा कुणाला मेसेज लिहिताना लागतं ते आठवणं.

ह्यावर रोडिगर आणि कार्पिकी ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण एका आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं, आठवून लिहिणाऱ्यांच्या डोक्यात जास्त शिल्लक होतं. तुमची 'रात्री येतात आणि चौथ्या दिवशी जातात' ही तक्रार अगदी हीच आहे.

आता करायचं काय. समजा 'श्यांग' हे अक्षर घेतलं, विचार करणं, आठवण येणं ह्या अर्थाचं. तेरा रेघा आहेत त्यात. चित्र म्हणून बघितलंत तर तेरा रेघांचं जंगल, पण नीट बघा, वर डावीकडे झाड आहे, उजवीकडे डोळा आहे आणि ह्या दोघांच्या खाली हृदय. तिन्ही तुम्हाला पहिल्या महिन्यातच येतात! म्हणजे तेरा रेघा नाही, तीन वस्तू लक्षात ठेवायच्यात. एवढं बघितलं की वही बंद करा, दहापर्यंत आकडे मोजा, मग कोऱ्या पानावर लिहा. उघडून तपासा. डोळ्यात एक रेघ कमी पडली असेल तर फक्त तेवढंच दुरुस्त करा आणि पुन्हा वही बंद. दोनदा बरोबर आलं की बास, पुढे चला. मग ते रात्री एकदा, दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, तीन दिवसांनी, आठवड्याने, दर वेळी न बघता. आठवताना थोडा त्रास झाला पाहिजे, जिभेवर आहे पण येत नाही असं वाटलं पाहिजे, तो त्रास म्हणजेच अक्षर पक्कं होणं. पन्नासच्या ऐवजी सगळं मिळून सातआठ वेळा लिहाल आणि टिकेल जास्त.

आणि दहा अक्षरं रोज हे नोकरी सांभाळून जड जातं, पाच घ्या. मी माझ्या पहिल्या वर्षी रोज वीसचा हट्ट धरला होता आणि सहा महिन्यांनी त्यातली बरीचशी नव्याने शिकावी लागली, त्यामुळे हे अगदी कळकळीने सांगतेय.

सगळे म्हणतात अक्षरावर गोष्ट रचा. मी रचतो, गोष्ट मस्त लक्षात राहते, अर्थही राहतो, पण उच्चार काही केल्या आठवत नाही. काय चुकतंय?

हा प्रश्न मला फार आवडला कारण बहुतेक लोक इथेच अडकतात आणि त्यांना कुणी नीट सांगत नाही.

सुरुवातीला आपल्याला जी अक्षरं दाखवतात ती सगळी देखणी असतात. माणूस झाडाला टेकला की विश्रांती, सूर्य आणि चंद्र शेजारी आले की उजेड, दोन झाडं म्हणजे वन, तीन म्हणजे घनदाट अरण्य. ह्यावरून आपला समज होतो की चिनी लिपी म्हणजे चित्रांची भाषा. तसं नाहीये. अशी अक्षरं थोडी आहेत, आणि बहुसंख्य अक्षरं, साधारण ऐंशी टक्क्यांच्या वर, दोन भागांची असतात, एक भाग अर्थाचा इशारा देतो आणि दुसरा उच्चाराचा. चिनी लोकांनी हे फार आधी मांडून ठेवलंय, शू शन नावाच्या विद्वानाने इसवी सन १०० च्या सुमारास कोश केला त्यात ९३५३ अक्षरं ५४० गटांत लावली होती आणि अक्षरं कशी बनतात त्याचे सहा प्रकार सांगितले होते, त्यातला एक हाच. तुम्ही गोष्ट रचताना उच्चाराच्या भागालासुद्धा अर्थाचं पात्र करून टाकता, आणि मग उच्चार आठवणार कुठून, तो तर तुम्ही स्वतःच पुसून टाकलात!

घोड्याचं अक्षर घ्या, उच्चार 'मा', तिसरा टोन. त्याच्या डावीकडे बाई आली की 'मा' म्हणजे आई. तोंड आलं की वाक्याच्या शेवटी येणारं प्रश्नार्थक 'मा', आपल्या 'का' सारखं. दगड आला की 'मा' म्हणजे नंबर, कोड. किडा आला की मुंगीच्या शब्दातला 'मा'. आणि घोड्याच्या डोक्यावर दोन तोंडं बसली की 'मा' म्हणजे शिव्या देणं. आता आईचा आणि घोड्याचा काय संबंध ह्यावर गोष्ट रचत बसायची काहीच गरज नाही, घोडा तिथे फक्त आवाज द्यायला उभा आहे. एका घोड्यावर पाच अक्षरं मिळाली, फक्त टोन वेगवेगळे लक्षात ठेवायचे.

दुसरं कुटुंब 'छिंग'चं. मूळ अक्षर हिरवट निळ्या रंगाचं. पाण्याचे तीन थेंब लावले की स्वच्छ, पहिला टोन. डावीकडे हृदयाचं उभं रूप लावलं की भावना, दुसरा टोन. सूर्य लावला की निरभ्र आकाश, तोही दुसरा. बोलण्याची खूण लावली की 'कृपया', तिसरा. डोळा लावला की डोळ्याच्या शब्दातला अर्धा भाग, पण तिथे उच्चार 'चिंग' होतो. म्हणजे आवाजाचा भाग दर वेळी शंभर टक्के खरं सांगेल असं नाही, दोन हजार वर्षांत उच्चार घसरत गेलेत. नदीच्या 'च्यांग' ह्या अक्षरात आवाजासाठी जो भाग आहे तो एकटा असला की 'कुंग' वाचतात, आज ऐकून कुणाला पटणारही नाही. तरी निदान यमक तरी जुळतं बऱ्याच वेळा, आणि अंदाज बांधायला तेवढं खूप झालं.

म्हणून माझं सांगणं असं, नवीन अक्षर आलं की आधी विचारा ह्यात आवाज कोण देतंय. वरचं 'श्यांग' आठवा, झाड आणि डोळा मिळून जे अक्षर होतं त्याचा उच्चारही 'श्यांग'च आहे, खालचं हृदय फक्त अर्थ सांगतं. आवाज देणारा सापडला तर त्याच्या सगळ्या भावंडांची यादी वहीच्या एका पानावर करा, पुढे कुठे नवीन भावंड भेटलं की त्याच पानावर भर घाला. माझं 'छिंग'चं पान मी तीन वर्षं भरत होते. आणि आवाज देणारा नाहीच सापडला तरच गोष्ट रचा. तिथे मात्र खुशाल रचा, आणि त्यात टोनही बसवा. उदाहरणार्थ 'माइ', तिसऱ्या टोनमध्ये विकत घेणं, चौथ्या टोनमध्ये विकणं, आणि मुख्य चीनमध्ये चालणाऱ्या सोप्या लिपीत विकण्याचं अक्षर म्हणजे घेण्याच्या अक्षरावर ठेवलेलं 'दहा'चं चिन्ह, अधिक चिन्हासारखं दिसतं ते. विकलं की वस्तू हातातून जाते, खाली उतरते, आणि चौथा टोनही वरून खाली पडतो. एवढं पुरतं.

फक्त स्वतः रचलेली गोष्ट इतिहास म्हणून दुसऱ्याला सांगू नका. 'पूर्व' दिशेच्या जुन्या अक्षरात झाडामागून उगवणारा सूर्य आहे असं सगळीकडे सांगतात, लक्षात ठेवायला छानच आहे ते, पण जुने कोरीव नमुने अभ्यासणारे म्हणतात की ते मुळात दोन्ही टोकांना बांधलेल्या पोत्याचं चित्र होतं.

स्ट्रोक ऑर्डर खरंच पाळायची का? मी फोनवर पिनयिन टाइप करतो, हाताने लिहायची वेळच येत नाही.

स्ट्रोक ऑर्डर म्हणजे अक्षराच्या रेघा काढायचा ठरलेला क्रम. पहिल्या तीनचारशे अक्षरांसाठी पाळा, नंतर तुमची मर्जी. नियम मोजकेच आहेत, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी रेघ आधी उभी नंतर, आणि चौकट असेल तर आत सगळं भरून झाल्यावर शेवटी तळ बंद करायचा. शेताच्या अक्षरात हे छान दिसतं, तीन बाजूंची चौकट, आत आडवी, मग उभी, आणि सगळ्यात शेवटी खालची रेघ. तोंडाचं अक्षर चौकोन दिसतो म्हणून आपण चार रेघा मारतो, पण त्या तीनच आहेत, वरची आणि उजवी एका झटक्यात वळवून काढायची. फायदा असा की क्रम पक्का असला की हाताला अक्षर एका लयीत सापडतं, आठवताना अडलात तरी हात पुढची रेघ सुचवतो. शिवाय उच्चार माहीत नसलेलं अक्षर प्लेकोसारख्या कोशात बोटाने लिहून शोधायचं तर क्रम बरोबर असलेला बरा, आणि लोकांचं घाईतलं हस्ताक्षर वाचता येतं ते वेगळंच.

टाइप करण्याबद्दल म्हणाल तर ते पूर्णपणे वैध आहे. खुद्द चिनी लोकांमध्ये 'थी पी वांग त्स' असा वाक्प्रचार आहे, पेन उचललं आणि अक्षर विसरलं, आणि फोन आल्यापासून ही तक्रार इतकी वाढली की २०१३ मध्ये तिथल्या सरकारी टीव्हीवर मुलांची अक्षरं लिहायची स्पर्धा सुरू झाली. त्यांच्या शाळेतही ओळखणं आणि लिहिणं वेगळं धरतात, २०११ च्या अभ्यासक्रमात पहिल्या दोन वर्षांत १६०० अक्षरं ओळखायची पण लिहायची फक्त ८००. मग आपण दोन्ही सारखंच यायला हवं असा हट्ट का धरायचा? मी विद्यार्थ्यांना सांगते, पहिली चारशे लिहून पक्की करा, त्यातच बहुतेक सगळे सुटे भाग येऊन जातात, पुढची ओळखता आली आणि टाइप करता आली तरी चालेल.

सारखी दिसणारी अक्षरं बघून रडायला येतं. माती आणि विद्वान, 'स्वतः' आणि 'आधीच', चंद्र तर कुठेही येऊन बसतो. मी बारावीत आहे, परीक्षा जवळ आलीये.

अगं, लहानपणी तूसुद्धा घ आणि ध, भ आणि म मध्ये गडबडली असशील. आज गडबडतेस का? नाही, कारण आता तू सुटं अक्षर वाचतच नाहीस, 'घर' वाचतेस, 'धर' वाचतेस. इथेही तेच करायचं.

आधी दोन्ही अक्षरं एकाच कागदावर शेजारी शेजारी मोठी लिही आणि फरक तोंडाने म्हण. माती, 'थू', खालची रेघ लांब, जमीन रुंदच असणार. विद्वान, 'श', वरची रेघ लांब. तसंच 'अजून नाही' ह्या अर्थाच्या 'वेइ' मध्ये वरची आडवी रेघ आखूड आणि 'शेवट' ह्या अर्थाच्या 'मो' मध्ये वरची लांब. मग लगेच शब्दात टाक, 'वेइ-लाइ' म्हणजे भविष्य, जे अजून आलेलं नाही, 'चोउ-मो' म्हणजे वीकेंड, आठवड्याचा शेवट. 'स्वतः'चं अक्षर तोंड उघडं ठेवतं, 'आधीच'चं अर्धं मिटलेलं असतं, आणि एक तिसरं पूर्ण मिटलेलं आहे पण ते तुला सध्या लागणार नाही, सोडून दे. पहिलं नेहमी 'त्स-ची' मध्ये भेटतं, दुसरं 'ई-चिंग' मध्ये, शब्दासकट शिकलीस की गोंधळ व्हायला जागाच उरत नाही.

चंद्राची गंमत ऐक. अक्षराच्या डावीकडे जो चंद्र दिसतो तो बहुतेक वेळा चंद्र नसतोच, ते मांसाचं अक्षर आहे, बारीक होऊन चंद्रासारखं दिसायला लागलेलं. म्हणून चेहरा, मेंदू, पोट, पाय ह्या सगळ्यांत तो डावीकडे आहे. खरा चंद्र बहुधा उजवीकडे बसतो, जसा उजेडाच्या अक्षरात. आणि कानासारखी जी खूण आहे ना, ती डावीकडे असेल तर डोंगर, उजवीकडे असेल तर गाव किंवा शहर, म्हणून राजधानी, उपनगर, शेजारी ह्या अक्षरांत ती उजवीकडे. हे कळल्यावर मी त्या दिवशी जुनी सगळी वही पुन्हा चाळली होती.

एक मात्र कर, सारखी दिसणारी दोन अक्षरं एकाच दिवशी पहिल्यांदा शिकू नकोस. एक आधी पक्कं होऊ दे, दहाबारा दिवसांनी दुसरं घे, आणि मग त्यांना शेजारी बसव.

उजळणीच्या कार्डावर उच्चार देवनागरीत लिहू की पिनयिनमध्ये?

पिनयिनमध्ये, टोनच्या खुणेसकट, कारण कोश आणि कीबोर्ड दोन्हीकडे तेच लागणार. पण मनात मात्र देवनागरी ठेवा. पिनयिनमधला बी हा आपला 'ब' नाही, 'प' आहे, आणि पी म्हणजे 'फ', ओठ मिटून काढलेला, 'फळ' मधला. डी म्हणजे 'त', टी म्हणजे 'थ', जी म्हणजे 'क', के म्हणजे 'ख'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा प-फ, त-थ चा फरक महिनोन्महिने घोटावा लागतो, आपल्याला तो बाराखडीतच मिळालाय. शिवाय आपल्या मराठीत दोन 'च' आहेत, पिनयिनचा झेड 'चांगला' मधल्या 'च' च्या जवळ आणि जे 'चिमणी' मधल्या. वर 'छिंग' आणि 'चिंग' म्हटलं ते आता परत मोठ्याने म्हणून बघा.

एका अक्षराचे दोन उच्चार असले तर कार्ड अक्षराचं करू नका, शब्दाचं करा. एकच अक्षर 'यिन-हांग' म्हणजे बँक ह्यात 'हांग' आहे आणि 'पू-शिंग' म्हणजे 'नाही चालणार' ह्यात 'शिंग'. सुट्या कार्डावर दोन्ही लिहिलेत तर ऐन वेळी कुठला हा प्रश्न राहणारच.

माझं वय ६१. एकूण किती अक्षरं लागतात? आणि अँकी ह्या कार्डांवरून उजळणी करून घेणाऱ्या ॲपवर ९०० कार्डं साचलीत, उघडायची भीती वाटते. सोडून द्यावं का?

सोडू नका हो काका. आधी आकड्यांचं बघू. चीनने १९८८ मध्ये नेहमीच्या वापरातल्या अक्षरांची यादी केली, त्यात २५०० पहिली आणि १००० दुसऱ्या फळीतली, आणि तपासलं तेव्हा त्या २५०० मध्येच मजकुरातली जवळजवळ ९८ टक्के अक्षरं बसली. पुढे २०१३ च्या अधिकृत तक्त्यात ८१०५ आहेत पण त्यातली बरीच माणसांच्या नावांत, गावांच्या नावांत आणि शास्त्राच्या पुस्तकांत लागणारी. एचएसके ह्या चिनी भाषेच्या परीक्षेच्या २०२१ ला आलेल्या मानकात अगदी नवव्या पातळीपर्यंत ३००० अक्षरं आणि शब्द ११०९२. म्हणजे बघा, अक्षरं कमी आणि शब्द भरपूर, कारण तीच अक्षरं फिरून फिरून जोडली जातात. विजेचं 'त्येन' आलं की वीज आणि बोलणं म्हणजे फोन, वीज आणि सावली म्हणजे सिनेमा, वीज आणि मेंदू म्हणजे कॉम्प्युटर. लहान आणि हृदय म्हणजे 'सांभाळून'. तुमच्या वयाचा इथे फायदाच आहे, जोडण्यातला अर्थ मोठ्या माणसाला लवकर लागतो. दोन्ही लिप्यांच्या फंदात पडू नका, मुख्य चीन आणि सिंगापूरसाठी सोपी, तैवान आणि हाँगकाँगसाठी जुनी, जे वाचायचंय त्याप्रमाणे एक घ्या.

आता ती ९०० कार्डं. नवीन कार्डं आजपासून बंद, शून्यावर आणून ठेवा. रोजच्या उजळणीला ४० ची मर्यादा घाला आणि तेवढीच करून ॲप बंद करा, बाकीची कितीही दिसोत. पंचवीस दिवसांत तुम्ही हजार वेळा कार्डं बघितलेली असतील, आणि चुकलेली परत येतात म्हणून थोडा जास्त वेळ लागेल, पण ढीग उतरताना दिसेल. त्याच काळात रोज दहा मिनिटं काहीतरी सोपं वाचा, शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या छोट्या गोष्टी मिळतात त्या चालतील, कारण कार्डावर शिकलेलं अक्षर वाक्यात अचानक भेटलं की जे पक्कं होतं ते कार्डावर दहा वेळा बघूनही होत नाही.

आणि जी कार्डं सारखी सारखी चुकतात ती काढून टाका. आठ वेळा चुकलेल्या कार्डाला अँकी स्वतःच जळू म्हणतं, ते बरोबर करतं. तुमच्या वेळेचं रक्त पिणारी अशी वीसतीस कार्डं असतील, ती एका कागदावर उतरवून ठेवा. वाचताना त्यातलं एखादं अक्षर समोर आलं की तो कागद काढा, अक्षराचे भाग करा, आवाज देणारा शोधा, आणि ज्या वाक्यात भेटलं त्या अख्ख्या वाक्याचं नवीन कार्ड बनवा.